कॅमेऱ्याला बुजणाऱ्याची तयारी

‘माझा फोटो चांगला येत नाही’ असे म्हणणाऱ्या बहुतेक माणसांचा फोटो कुणी नीट काढलेलाच नसतो. आधार कार्डावरचा फोटो मागे रांग ताटकळत असताना, डोक्यावरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात वेबकॅमने टिपलेला असतो. परीक्षेच्या अर्जावरचा फोटो शेवटच्या तारखेला, धापा टाकत, पाच मिनिटांत काढलेला असतो. लग्नातला फोटो तोंडात घास असताना निघतो. अशा चार-पाच फोटोंवरून माणूस स्वतःच्या चेहऱ्याबद्दल जन्मभराचे मत करून घेतो, आणि पुढच्या वेळी कॅमेरा दिसला की गटाच्या मागच्या रांगेत सरकतो.

रिसोड तालुक्यातल्या रिठदसारख्या गावात मन लावून काढलेल्या फोटोची गरज मोजक्याच वेळी पडते. लग्न जमवण्यासाठीचा बायोडाटा, सेवापूर्तीचा समारंभ, निवडणुकीचा फलक, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा एक तरी धड फोटो असावा ही मुलांची इच्छा. त्यासाठी रिसोडला किंवा वाशीमला जावे लागते. तालुक्याच्या ठिकाणी फोटो स्टुडिओत बहुधा झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन अर्जही चालतात, त्यामुळे दारात सतत वर्दळ असते. पासपोर्ट साइजचा फोटो आणि व्यक्तिचित्र या दोन वेगळ्या कामांची गल्लत इथेच होते. पासपोर्ट फोटोचे काम ओळख पटवण्याचे असते. त्यात चेहरा सरळ, तोंड मिटलेले, डोळे उघडे, पार्श्वभूमी फिकी एवढेच पाहतात, आणि ते पाच मिनिटांत होते. व्यक्तिचित्रात तो माणूस त्याच्या घरच्यांना जसा दिसतो तसा दिसायला हवा. त्याला तास-दीड तास लागतो. बुजऱ्या माणसाला पाच मिनिटांच्या हिशेबाने बसवले की फोटो बिघडतो, आणि दोष त्याच्या चेहऱ्यावर जातो.

बुजण्याची मुळे

कॅमेऱ्याची भीती कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. फ्रेंच संशोधक दगेर याच्या छायाचित्रण पद्धतीची माहिती पॅरिसमध्ये ऑगस्ट 1839 मध्ये जाहीर झाली आणि थोड्याच काळात ही कला हिंदुस्थानात पोचली. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या काळातल्या हिंदी छायाचित्रकारांपैकी एक. शहरातल्या शिकलेल्या मंडळींनी हौसेने फोटो काढून घेतले, पण सर्वसामान्य माणूस बराच काळ दूरच राहिला. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाकडे वळण्याआधी गोध्रा आणि बडोदा इथे फोटोग्राफीचा व्यवसाय केला होता. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि त्याने माणूस मरतो, अशी समजूत बडोद्यात पसरल्याने त्यांचा धंदा बसला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. पुढे 1913 साली ज्याने ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, त्या माणसाला आधी गिऱ्हाइकांच्या भीतीने हैराण केले होते.

‘फोटो काढला की आयुष्य घटते’ हे वाक्य वऱ्हाडातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही ऐकू येते. त्यामागे निव्वळ अंधश्रद्धा आहे असे म्हणून सोडून देता येत नाही. कित्येक घरांत आजोबांचा भिंतीवरचा एकुलता एक मोठा फोटो तेरवीच्या वेळी तयार झालेला असतो. कुठल्या तरी लग्नातल्या गटफोटोतून चेहरा कापून घ्यायचा, खाली कोट-टाय चिकटवायचा, मागे निळे आकाश टाकायचे आणि फ्रेमला हार घालायचा. आयुष्यात एकदाही कोट न घातलेला माणूस भिंतीवर कोटात जाऊन बसतो. ज्या आजीने फ्रेममधला फोटो फक्त हारासकट पाहिला आहे, तिला फोटोवाल्यापुढे बसताना अभद्र वाटले तर नवल नाही. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा आजीचा फोटो एकटीचा न काढता आधी नातवंडांबरोबर काढणे शहाणपणाचे. दहा-बारा फोटो झाल्यावर नातवंडे हळूच बाजूला काढता येतात.

तरुणांचे बुजणे वेगळ्या कारणाने असते, आणि त्याचे उत्तर आरशात आहे. माणूस स्वतःचा चेहरा रोज पाहतो तो उलटा. डाव्या नाकपुडीतली चमकी आरशात डावीकडेच दिसते, फोटोत मात्र ती पाहणाऱ्याच्या उजवीकडे जाते. भांग बाजू बदलतो, गालावरचा तीळ सरकतो, किंचित वर असलेली एक भुवई दुसऱ्या बाजूला जाते. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो, त्यामुळे ही अदलाबदल डोळ्यांना खटकते. वारंवार पाहिलेली गोष्ट माणसाला आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी 1968 साली दाखवून दिले. त्याच धाग्याने 1977 साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. त्यात व्यक्तीला स्वतःच्या फोटोची आरशासारखी उलटी प्रत जास्त आवडली, तर तिच्या मित्रमैत्रिणींना सुलटी. म्हणजे स्वतःला विचित्र वाटणारा फोटो घरच्यांना ‘अगदी तुझ्यासारखा’ वाटतो, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

मोबाइलने यात आणखी भर घातली. सेल्फीचा कॅमेरा रुंद कोनाचा असतो आणि हाताच्या अंतरावरून चालतो. जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान दिसते या साध्या नियमाने नाक पुढे येते, कान मागे जातात. चेहऱ्यापासून 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक 5 फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसते, असा हिशेब अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2018 साली मांडला. नाक लहान करून घेण्यासाठी सेल्फी दाखवणारे लोक त्यांच्याकडे येऊ लागले होते. स्टुडिओत चेहऱ्याच्या फोटोसाठी 85 मिलिमीटरच्या आसपासची लेन्स वापरतात आणि फोटोग्राफर पाच-सहा फूट लांब उभा राहतो. या अंतरावरून नाक-कानाचे प्रमाण समोर बसून गप्पा मारणाऱ्या माणसाला दिसते तसे येते. सेल्फी वाईट येतो म्हणून स्टुडिओचे नावच टाकणाऱ्याने एवढे जरी लक्षात घेतले तरी निम्मी धास्ती कमी होते.

राहिलेली धास्ती लोकांच्या नजरेची असते. आपल्या चेहऱ्यावरचा पुरळ, पुढे आलेला दात, घसरलेला पदर सगळ्यांनाच दिसतो आहे असे वाटत राहते. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याबाबत मजेशीर आहे. विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले. जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी तो पाहिला होता.

आधीचे बोलणे

सगळ्यात जास्त उपयोगाची तयारी आरशासमोर होत नाही, ती फोटोग्राफरशी बोलण्यात होते. फोटो कशासाठी हवा, किती हवेत, छापील की मोबाइलवर, पैसे किती आणि वेळ किती, हे आधीच ठरवावे. आणि ‘मला कॅमेऱ्यासमोर अवघडल्यासारखे होते’ हे स्पष्ट सांगावे. चांगल्या फोटोवाल्याला हे वाक्य नवे नसते. ते ऐकल्यावर तो सुरुवातीचे फोटो घाईने काढत नाही. ऐकून जो ‘त्यात काय एवढे, बसा’ म्हणतो, त्याच्याकडे पासपोर्ट फोटो काढून घ्यावा आणि व्यक्तिचित्रासाठी दुसरा माणूस शोधावा.

दिवस निवडतानाही डोके वापरावे लागते. लग्नसराईत दाट तिथीच्या दिवशी फोटोग्राफर मांडवात असतो आणि स्टुडिओत मदतनीस पोरगा. आठवडी बाजाराच्या दिवशी झेरॉक्सला रांग असते आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी पडदा सारून आत डोकावते. भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख जवळ आली की तीच कथा. बुजऱ्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास अशा डोकावणाऱ्यांचा होतो. त्यामुळे आडवार, सकाळची वेळ आणि आतल्या खोलीचे दार लावायची सोय या तीन गोष्टी आधी विचारून घ्याव्यात.

सोबत कुणाला न्यायचे हाही प्रश्न छोटा नाही. बायोडाट्याच्या फोटोसाठी निघालेल्या मुलीबरोबर आई, वहिनी, आत्या आणि दोन चुलतबहिणी असा ताफा निघतो. प्रत्येकीची सूचना वेगळी. एक म्हणते दात दाखवू नको, दुसरी म्हणते जरा हास. मुलगी स्टुलावर बसते ती परीक्षेला बसल्यासारखी. सोबतीला एकच माणूस न्यावे, ज्याच्यासमोर मुलगी घरी मोकळेपणी बोलते असे. चिडवणारा भाऊ कितीही लाडका असला तरी त्याला बाहेर चहाला पाठवावे. मान किंवा पदर सरळ करण्यासाठी फोटोग्राफरने अंगाला हात लावू नये, काय करायचे ते स्वतः करून दाखवावे, असे आधीच सांगायला संकोच करू नये. पदर, केस, टिकली सावरायचे काम सोबतच्या बाईचे.

कपडे आणि चेहरा

पहिला नियम असा की फोटोच्या दिवशी कोणताही कपडा पहिल्यांदा घालू नये. कोऱ्या शर्टाची कडक कॉलर मानेत टोचते, नवी साडी खांद्यावर बसत नाही, आणि अंगातली अस्वस्थता चेहऱ्यावर दिसते. एकदा धुतलेला, इस्त्री केलेला, अंगाला सरावलेला कपडा बरा. बारीक चौकडी किंवा दाट रेघांचे कापड टाळावे, कारण डिजिटल कॅमेऱ्यात त्यावर नसलेल्या लाटा उमटतात. सावळ्या चेहऱ्याशेजारी झगझगीत पांढरे कापड आले तर कॅमेरा कापडाचा उजेड धरतो आणि चेहरा काळवंडतो. मळकट पांढरा, गडद निळा, मातकट, मोरपंखी, वांगी हे रंग सहसा दगा देत नाहीत. धोतर-टोपीत वावरणाऱ्या आजोबांना हट्टाने सफारीत बसवू नये. टोपी मात्र कपाळावर थोडी मागे सारावी, नाहीतर तिची सावली डोळ्यांवर येते.

या बाबतीत एक जुना मराठी फोटो पाहण्यासारखा आहे. फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात ऑक्टोबर 1885 मध्ये तीन विद्यार्थिनींचा एकत्र फोटो काढला गेला. एक जपानची, एक सिरियाची, आणि तिसरी आनंदीबाई जोशी. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. आनंदीबाईंनी अमेरिकेतही साडी सोडली नव्हती. त्या हसत नाहीत, पण अवघडलेल्याही दिसत नाहीत. सवयीचा कपडा माणसाला किती आधार देतो, याचा इतका चांगला दाखला दुसरा मिळणे कठीण.

केस तीन-चार दिवस आधी कापावेत. ताजी कात्री मारलेले डोके फोटोत उपरे वाटते. भुवयांचे थ्रेडिंग दोन दिवस आधी करावे. फेशियल किंवा नवी क्रीम आदल्या दिवशी लावण्याचा प्रयोग नको, पुरळ उठले तर वेळ निघून गेलेली असते. तेल आदल्या दिवशी लावून सकाळी डोके धुवावे. तेलकट कपाळ फ्लॅशच्या उजेडात आरशासारखे चमकते. चष्मा रोज लावणाऱ्याने फोटोतही लावावा. काचेवर दिव्याची झगझग आली तर काड्या कानाच्या मागे किंचित उचलून चष्मा नाकावर थोडा पुढे कलवला की ती जाते.

रिठदहून दुचाकीवर निघालेला माणूस स्टुडिओत पोचतो तेव्हा केस वाऱ्याने विस्कटलेले, कपाळावर हेल्मेटचा वळ आणि डोळे धुळीने लाल असतात. तशात लगेच स्टुलावर बसणे म्हणजे पैसे वाया घालवणे. फोटोचा कपडा पिशवीत घडी करून न्यावा, वीस मिनिटे आधी पोचावे, तोंड धुवावे, पाणी प्यावे, घाम सुकू द्यावा आणि मगच कपडे बदलावेत.

उजेड

स्टुडिओऐवजी घरी किंवा शेतात फोटो काढायचा असेल तर वेळेला फार महत्त्व येते. वाशीम जिल्हा साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात सूर्य भर मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. इथली मध्यान्ह घड्याळात सव्वाबारा-साडेबाराच्या दरम्यान होते. या उन्हात चेहऱ्यावर उजेड फक्त वरून पडतो. कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरा होतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात, नाकाखाली मिशीसारखी सावली येते. डोळे मिचमिचे होतात ते वेगळेच. असे फोटो पाहून आपले डोळे खोल गेलेत असे वाटणाऱ्यांनी तोच चेहरा सकाळी आठला ओसरीत पाहावा.

उन्हापेक्षा उघड्या आभाळाची सावली चांगली. ओसरीच्या कडेला, घराच्या सावलीच्या बाजूला, मोठ्या दारापासून दोन-तीन फूट आत, तोंड बाहेरच्या उजेडाकडे करून बसले की चेहऱ्यावर मऊ आणि सारखा प्रकाश येतो आणि बुबुळात आभाळाचा छोटा ठिपका चमकतो. तो ठिपका नसेल तर नजर विझलेली वाटते. निंबाच्या झाडाखालची सावली मात्र फसवी. पानांमधून पडणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर डाग पाडतात. हिरव्यागार सोयाबीनच्या वावरात अगदी आत उभे राहिले तर खालून हिरवट झाक चेहऱ्यावर येते. बांधावर उभे राहून पीक मागे ठेवावे. एका गालावर जास्त अंधार आला तर त्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा धरावा. महागड्या उपकरणाचे बरेचसे काम तो करतो.

स्टुडिओत उजेड फोटोग्राफरच्या हातात असतो. तिथे एकच विनंती करावी की फ्लॅश सरळ समोरून मारू नका. समोरच्या उजेडात चेहरा पत्र्यासारखा सपाट होतो. छत्री किंवा सॉफ्टबॉक्स थोडा बाजूला आणि डोळ्यांच्या किंचित वर ठेवला की गालाला, नाकाला आकार येतो.

रंगाचा प्रश्न इथेच येतो. सावळा चेहरा फोटोत ‘खराब’ येतो ही समजूत बऱ्याच अंशी यंत्रांनी घडवली आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी ‘शर्ली कार्ड’ नावाचे नमुनापत्र पाठवत असे, आणि त्यावर कित्येक वर्षे गोऱ्या बाईचाच फोटो असे. रंग तिच्या कातडीला नीट आले की यंत्र बरोबर चालते आहे असे समजायचे. गडद तपकिरी छटा फिल्मवर नीट येत नाहीत ही तक्रार चॉकलेट आणि लाकडी फर्निचरचे फोटो छापणाऱ्या कंपन्यांनी केली, तेव्हा कुठे सुधारणेला वेग आला. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला सावळा रंग अजिबात जड नाही. फोटोग्राफरने पडद्याऐवजी चेहऱ्याचा उजेड मोजला आणि फार पांढरा पडदा टाळला, की काम होते.

स्टुलावर बसल्यावर

छायाचित्रणाच्या पहिल्या काळात एका फोटोला मिनिटे लागत. माणूस हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत आणि त्याचा चिमटा मानेला धरून ठेवी. त्या काळचे चेहरे एवढे कडक का दिसतात त्याचे हे एक कारण. आता सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो, पण स्टुलावर बसलेला माणूस अजूनही टेकू लावल्यासारखा ताठ होतो. श्वास रोखतो, खांदे कानांकडे चढवतो, दात दाबतो, हनुवटी मागे ओढतो. हनुवटी मागे गेली की गळ्याखाली वळ्या पडतात आणि सडपातळ माणूसही जाड दिसतो. उपाय उलटा आहे. कपाळ जरा कॅमेऱ्याकडे न्यावे, म्हणजे हनुवटी आपोआप पुढे येते, आणि मग ती थोडी खाली घ्यावी. करताना हे कासवासारखे वाटते, फोटोत मात्र मान मोकळी दिसते.

श्वास सोडताना काढलेला फोटो रोखलेल्या श्वासातल्या फोटोपेक्षा नेहमी बरा येतो. नाकाने श्वास घ्यावा, तोंडाने हळूहळू सोडावा. लांब उच्छ्वासाने हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, आणि तेवढ्यानेच खांदे खाली येतात. कॅमेऱ्याला छाती सरळ समोर करण्यापेक्षा धड थोडे तिरपे ठेवून चेहरा कॅमेऱ्याकडे वळवला तर अंग हलके दिसते. पाठ टेकवू नये. स्टुलाच्या पुढच्या निम्म्या भागावर बसले की पाठ आपसूक सरळ राहते.

डोळे मिटणे ही सर्रास तक्रार. माणूस मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापणी लववतो, आणि काळजीत असला की त्याहून जास्त. ‘एक, दोन, तीन’ मोजले की तो पापण्या ताणून धरतो आणि नेमकी तीनला मिटतो. त्यापेक्षा डोळे आधीच मिटून घ्यावेत, फोटोग्राफरने ‘उघडा’ म्हटल्यावर उघडावेत, आणि त्याच क्षणी फोटो घ्यावा. नजर ताजी येते आणि बुजऱ्या माणसाला मधल्या काळात कॅमेऱ्याकडे बघत बसावे लागत नाही.

हसण्याबद्दल फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी 1862 सालीच महत्त्वाची गोष्ट नोंदवून ठेवली होती. ओठांचे कोपरे ओढणारा गालाचा स्नायू माणसाला मनात आले की चालवता येतो. डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र सहसा खऱ्या आनंदातच आकुंचन पावतो. म्हणून ‘हसा’ अशा हुकमावर ओठ हसतात आणि डोळे मागे राहतात. त्यामुळे ‘हसा’ म्हणणाऱ्या फोटोग्राफरपेक्षा काहीतरी विचारणारा बरा. यंदा तूर कशी आहे, धाकट्याने शाळेत काय प्रताप केले, असे विचारले की उत्तर देताना नाही तर उत्तर संपल्यावर एक क्षण येतो. ओठ नुकते मिटलेले असतात आणि डोळ्यांत गोष्ट अजून चालू असते. फोटो त्या क्षणी घ्यायचा. ज्याला हसून फोटो द्यायचाच नाही, त्याला हसवण्याचा आग्रह धरू नये. शांत चेहऱ्याचा फोटोही उत्तम येतो.

हातांचे काय करायचे, हा प्रश्न लाजणाऱ्या माणसाला फार छळतो. अमेरिकी छायाचित्रकार फिलिप हाल्समन मोठमोठ्या माणसांना कॅमेऱ्यासमोर उडी मारायला लावत असे. 1959 साली त्याने अशा उड्यांचे पुस्तकच काढले. उडी मारताना लक्ष उडीकडे जाते आणि चेहऱ्यावरचा मुखवटा गळतो, असे त्याचे म्हणणे होते. रिठदच्या आजीला उडी मारायला सांगण्यात अर्थ नाही, पण तिच्या पुढ्यात तांदळाचे सूप ठेवता येते. हात निवडायला लागले की खांदे उतरतात. ती मान वर करून ‘काय रे?’ म्हणते, आणि फोटो निघतो. शिक्षकाच्या हातात पुस्तक, टाळकऱ्याच्या हातात टाळ, शेतकऱ्याच्या हातात तुरीच्या शेंगा. फुलदाणीवर हात ठेवून उभे राहण्याची जुनी तऱ्हा मात्र आता सोडून द्यावी.

पहिले वीस-पंचवीस फोटो टाकून देण्यासाठीच असतात, हे दोघांनीही धरून चालावे. त्या काळात माणूस शटरच्या आवाजाला सरावतो. फोटोग्राफरने दर फोटोनंतर पडदा दाखवू नये. बुजरा माणूस प्रत्येक फोटोत नवा दोष शोधतो आणि पुढच्या फोटोत तो लपवण्याच्या धडपडीत पुन्हा ताठ होतो. मध्ये एकदाच थांबून त्यातले दोन बरे फोटो दाखवले तर धीर येतो.

निवड आणि मालकी

आपला फोटो आपण एकट्याने निवडू नये. आरशाच्या सवयीमुळे स्वतःचा कल चुकीच्या फोटोकडे जातो. आठ-दहा फोटो बाजूला काढून घरातल्या दोन माणसांना विचारावे, त्यांनाही वेगवेगळे. ज्या फोटोवर दोघांचे बोट पडेल तो घ्यावा.

एडिटिंगमध्ये पुरळ, घामाची चमक, चेहऱ्यावर आलेला केस काढायला हरकत नाही, कारण ते आठवड्यात जाणारच असतात. तीळ, व्रण, वयाच्या सुरकुत्या कायमच्या आहेत, त्या राहू द्याव्यात. चेहरा गोरा करून घेणे मात्र वेडेपणा आहे. बायोडाट्यातल्या गोऱ्या मुलीला बघायला आलेले पाहुणे दारात सावळी मुलगी पाहतात, आणि मुलीचा काही दोष नसताना पहिल्याच क्षणी खजील ती होते. ‘रंग बदलू नका’ हे वाक्य पैसे देण्याआधी उच्चारावे लागते, कारण बऱ्याच स्टुडिओंत चेहरा उजळणे न विचारताच होते.

दुकानाच्या काचेत किंवा स्टुडिओच्या इन्स्टाग्रामवर आपला फोटो लागणार का, हेही त्याच वेळी विचारावे. बुजऱ्या माणसाला पुढच्या वेळी घाबरवायला असा एक प्रसंग पुरतो. कायदा या बाबतीत गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार केलेला नसेल तर, फोटो काढवून घेणाऱ्याचा असतो. म्हणून पैसे देताना छापील प्रतीबरोबर मूळ, पूर्ण आकाराची फाइल मागून घ्यावी. व्हॉट्सअॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो आणि भिंतीवर लावण्याइतका मोठा छापला की फुटतो. फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावी, आणि घरातल्या दोन वेगळ्या फोनवर ठेवावी.